उठतं पुस्तक

मार्च लागला की आमच्या घरातले आवाज बदलतात. नाशकात द्वारकेच्या चौकातले ट्रक बारा महिने भोंगे वाजवतात, त्यांचं काही नवल नाही. पण या दिवसांत त्यांच्यावर ताण करत खालच्या मजल्यावरची पोरं पाठांतर करतात. एकजण सनावळी घोकतो, दुसरी संस्कृतातली रूपं म्हणते, आणि मधूनच कुणाची तरी आई ओरडते. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाला फुलोरा आलेला असतो. त्याचा कडू-गोड वास खिडकीतून आत आला की माझी पाठ दुखायला लागते. मला आता कुठली परीक्षा द्यायची नाही. दिली त्यालाही पन्नासेक वर्षं होत आली. पण अंगाला सांगणार कोण? हा महिना आला की त्यानं दमायचं, असं ठरूनच गेलं आहे.

परवा माझी भाची सुनंदा शाळेतून आली ती कपाटच उघडून बसली. मी तिच्याकडेच राहते. तीही मास्तरीण, आमच्या घराण्याला ते पाचवीलाच पुजलेलं.

"आत्या, तुझं ते उठतं पुस्तक दे ना. शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन आहे. काचेच्या पेटीत उघडून ठेवू."

"उघडून नको."

"अगं, बंद पुस्तक कोण बघेल? चारच दिवस."

"नाही म्हटलं ना."

ती रुसून चहा टाकायला गेली. तिला नीट समजावून सांगायला हवं होतं, पण सांगायचं म्हणजे मुळापासून सांगायला हवं, आणि तेवढं त्राण मला त्या वेळी नव्हतं. आज ती शाळेत आहे. पुस्तक माझ्या मांडीवर आहे, मिटलेलं.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी नाशकात मास्तरणींच्या ट्रेनिंगच्या वर्गात होते. वर्गातल्या बाकीच्या बायका एक तर विधवा, नाही तर कुमारिका. मी दोन्ही नव्हते. माझे यजमान पंचवटीतल्या बैराग्यांच्या मागून निघून गेले होते. कुठे गेले, आहेत की नाहीत, काही कळलं नाही. कपाळावर कुंकू होतं आणि ते कुणाच्या नावाचं लावायचं, हे मलाच उमगत नव्हतं. सायखेड्याला सासर. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मामंजी, दोन बैल आणि मी. माझे वडील खेड्यातले शाळामास्तर, त्यामुळे लग्नाआधी मी मराठी सातवीची फायनल पास झालेली होते. पुढचं ट्रेनिंग करते म्हटलं तेव्हा मामंजींनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, "एक साल जा. पास झालीस तर तुझी तू मोकळी. नाय झालीस तर हितं यायचं. घर हाय, मळा हाय. मग पुन्हा इषय काढायचा नाय."

माणूस वाईट नव्हता, उलट चांगला होता. तो वाईट असता तर मला सगळं सोपं गेलं असतं.

परीक्षेत हस्तव्यवसाय सक्तीचा होता. शिवणाचा वर्ग भरून गेलेला, विणकामाचा तसाच, म्हणून उरलेल्या आम्हा चौघी-पाचजणींना पुस्तकबांधणी. ती शिकवायला भद्रकालीकडून उस्मानचाचा यायचे. शाळेच्या मागच्या ओसरीवर त्यांचा लाकडी शिकंजा मांडलेला असे. दोन जाड फळ्या, दोन स्क्रू, मध्ये पुस्तक घालून दाबायचं. एका डब्यात मैद्याची खळ, तिच्यात किडीसाठी मोरचूद. तो निळसर, आंबूस वास माझ्या दोन लुगड्यांतून पुढं कधी गेलाच नाही. चाचा दाढीला मेंदी लावायचे आणि स्वतःची तारीफ स्वतःच करायचे, दुसऱ्याची वाट बघत बसायचे नाहीत. "नाशकात जिल्द बांधणारे लय आहेत," ते म्हणायचे, "पर बांधलेली जिल्द उघडली की पुस्तक रडायला नाय पायजे, असा मी एकलाच." आम्हाला ते 'मास्तरीणबाई' म्हणायचे, आणि त्यात आदर कमी, चेष्टा जास्त असायची.

काम कंटाळवाणं होतं, खोटं कशाला सांगू? तावांचे फर्मे घडी करायचे, हाडाच्या पट्टीनं घडी दाबायची, भोकं पाडायची, शिवायचं, पुन्हा फर्मे. सकाळी पाठ घ्यायचे, दुपारी ओसरी, संध्याकाळी अभ्यास. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापलेलं. खोलीवर जाऊन स्वतःच भाकरी थापायची, तीही कधी थापायची, कधी नाही. मला त्या काळात कसलं दुःख झालेलं आठवत नाही. दमणं तेवढं आठवतं. दुःख करायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

कागद मात्र मला आवडायला लागला. चाचांनी एकदा चिठोरा पाण्यात बुडवून तळहातावर ठेवला. तो एका बाजूनं सुरळी होत गेला. "हा याचा कल. कागद या बाजूनं राजी आहे. त्या बाजूनं घडी घालशील तर फटफट मोडेल." तेव्हापासून मी प्रत्येक कागदाला आधी त्याची मर्जी विचारू लागले. पुठ्ठ्याचंही तसंच. पुठ्ठ्याला एकाच बाजूनं कागद चिकटवला की खळ वाळताना तो कागद ओढतो आणि पुठ्ठा पापडासारखा वाकडा होतो. मग आतल्या बाजूनंही तेवढाच कागद लावायचा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो. मला एकीकडून सायखेडं ओढत होतं आणि दुसरीकडून काहीच नव्हतं. होती ती एक परीक्षा तेवढी.

आणि मग एके दुपारी चाचांनी पिशवीतून एक जाडजूड कागद काढला. मध्ये घडी, घडीत कापे. त्यांनी तो उघडला आणि आतून एक होडी उभी राहिली, शिडासकट. मिटला, गेली. कुणा गोऱ्या साहेबाच्या मुलीचं फाटकं पुस्तक त्यांच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. ते देण्याआधी यांनी त्याची आतडी बघून घेतली होती. "उठती किताब," चाचा म्हणाले. मी हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले असेन, कारण शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

परीक्षेला हेच करायचं, असं मी ठरवलं. बाकीच्या सगळ्या वह्या बांधत होत्या. चाचांनी कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण! वही बांध, पास हो, घरी जा."

"घरीच जायचं नाही, चाचा."

 दुसऱ्या दिवशी चाचा येताना जाड कागदाची गड्डी घेऊन आले.

पुस्तकात तीन चित्रं होती. पहिलं बाजाराचं, दुसरं रामकुंडाच्या घाटाचं, तिसरं मळ्यातल्या विहिरीचं. घाट पायऱ्या-पायऱ्यांनी उठायचा, मागं देवळाचा कळस. विहिरीवर मोट, दोन बैल, आणि पाटाच्या कडेला दारं धरणारी एक बाई, हातात खोरं, पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवणारी. पान मिटलं की बैल खाली बसायचे आणि बाई पाटाशेजारी आडवी व्हायची. मला वाटायचं, ती बरी निजते.

उभं करणं सोपं असतं, हे चाचांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "उठतं कुणी पण. मिटलं पायजे." माझा कळस मिटल्यावर पुस्तकाच्या बाहेर डोकवायचा. कापून लहान करावासा वाटेना. देवळाचा कळस कापायचा म्हणजे काय? तेव्हा तो पोटात आणखी एक घडी घेऊन निजवावा लागला, आणि ती घडी साधेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. घडी झाली की तिला सवय लावायची. उघड-मीट, उघड-मीट. नवी घडी उघडताना करकरते. चाचा पलीकडे काम करता करता नुसत्या कानांनी सांगायचे, "अजून बोलते आहे. चालू ठेव." घडी बोलायची थांबली की ती मुरली. मी बाजार मुरवला नाही, घाटही नाही. वेळ कुठं होता? परीक्षेपुरतं उठलं-मिटलं म्हणजे झालं.

विहिरीचं पान शेवटी चिकटवलं. त्या दिवशी माझे डोळे मिटत होते. ओल्या पानांच्या मध्ये मेणकागद घालायचा असतो, तो मी घातला नाही. पुस्तक शिकंज्यात ठेवलं, स्क्रू आवळले आणि भिंतीला टेकून बसले. तशीच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिकंजा सैल केला आणि पान उघडायला गेले. ते उघडेना. जरा जोर लावला तसा फाटण्याचा आवाज आला. विहीर, मोट, बैल एकमेकांना चिकटून त्यांचा एक लगदा झाला होता. बाई कमरेपासून तुटून समोरच्या पानावर राहिली होती.

नेमक्या त्याच वेळी ओसरीच्या पायरीपाशी बैलगाडी थांबली. मामंजी होते. गव्हाची मळणी आटोपून आले होते, अंगावर अजून भुसा. मला भेटायला म्हणून ते वर्षात पहिल्यांदाच नाशकात आलेले. मी उठलेसुद्धा नाही. मांडीवर फाटकं पान आणि गालावर पाणी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि पायरीवर टेकले.

"मोडलं का?"

मी मान हलवली.

"लय वाळलीस पोरी." मग म्हणाले, "नाय जमत तर ऱ्हाऊ दे. कुणी नावं ठेवायचं नाय, मी हाय. गाडीत कडबा अंथरलाय, वर वाकळ टाकलीय. निजून ये सायखेड्यापातूर."

निजून ये. त्या वर्षात मला कुणी काही म्हणालं असेल, त्यातलं सगळ्यात गोड हेच. आजही ती वाकळ मला दिसते, तांबड्या-निळ्या चिंध्यांची. मला परीक्षा नको होती, नोकरी नको होती. मला त्या कडब्यावर पडायचं होतं, चाकांची खडखड ऐकत. मी उठले. खरोखर उठले, पदर खोचला आणि खोलीवरची ट्रंक आणायला निघाले.

"जायचं तर जा," चाचा मागून म्हणाले. मान वर न करता, कसल्याशा पुस्तकाची पाठ घासत. "पर माझा शिकंजा खळीनं भरून ठेवलाय, तो साफ करून जा. आणि ते पुस्तक असं फाटकं माझ्या ओसरीवर नको. लोक म्हणतील, उस्मानच्या हाताखालचं."

राग आला. ओसरी शाळेची होती, यांची कुठली? पण मी बसले. फडकं ओलं केलं आणि चिकटलेल्या कागदावर ठेवलं. खळ मैद्याची असते, पाण्यानं नरम पडते. हाडाच्या पट्टीनं मी पदर न् पदर सोडवू लागले. थकलेल्या माणसाला मोठा निर्णय घेता येत नाही, समोरचं काम तेवढं उरकता येतं. विहीर सुटली. मग मोट सुटली. एक बैल शिंग मोडून का होईना, पण आला.

मामंजी बघत होते. मग जवळ सरकले.

"ही आपली हीर?"

"हो."

"आन् ही कोण?"

"कुणी नाही. बाई आहे."

"कुणी नाय म्हणजे?" चाचा हसले. "हीच आहे ती. तोंड बघा ना."

मामंजींनी ती तुटलेली बाई बोटाच्या टोकावर घेतली. "खोरं डाव्या हातात धरतीस तू," ते म्हणाले. "हितं उजव्या काढलंय."

मी नवी बाई कापली. खोरं डाव्या हातात दिलं. तिच्या पायाखालची पट्टी पाटाच्या काठाला चिकटवायची, तर ती माझ्या हातून दोनदा निसटली. मामंजींनी पागोट्याच्या शेवानं अंगठा पुसला, पण नीट पुसला गेला नाही, आणि तो पट्टीवर टेकवला. "म्या धरतो. किती येळ?"

"वाळेस्तोवर," चाचा म्हणाले.

ते धरून बसले. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. बैल जुंपलेलेच होते, ते डोकी हलवायला लागले तेव्हा चाचांनीच जाऊन त्यांना सोडलं आणि पाणी दाखवलं. मामंजींनी अंगठा काढला तेव्हा बाईच्या पायाशी मातकट ठसा उमटला होता. मी खोडायला गेले तर चाचांनी हात धरला. "असू दे. ओला आहे, घासशील तर फाटेल." मग मेणकागद घातला, स्क्रू हलके आवळले. दोघं म्हातारे पायरीवर बसून तंबाखू खात राहिले. जाताना मामंजी एवढंच म्हणाले, "परीक्षा होऊ दे मग. येतो म्या निकालाला." रिकाम्या गाडीतल्या वाकळेकडं मी बघत राहिले. पार वळणाआड जाईपर्यंत.

परीक्षेच्या दिवशी आलेले परीक्षक पुण्याकडचे होते. उन्हानं बेजार, सारखं पाणी मागत होते. माझ्यापुढं आले, पुस्तक उचललं आणि मध्यावरच फाडकन उघडायला गेले.

"थांबा," मी म्हणाले.

माझंच मला नवल वाटलं. परपुरुषाला तर सोडाच, पण घरातल्यांनाही मी कधी 'थांबा' म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर कदाचित एक माणूस गेला नसता, असंही मला पुढं अनेकदा वाटलं. पण ते जाऊ दे.

"नवं पुस्तक मधून उघडायचं नसतं," मी म्हटलं. "पाठ मोडते. आधी इकडून थोडी पानं दाबायची, मग तिकडून थोडी. असं करत करत मध्यावर यायचं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग, सांगितलं तसं केलं. बाजार करकरत उठला, घाट करकरत उठला. विहीरही करकरत उठली तेव्हा त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखं काही तरी आलं आणि लगेच गेलं. "हा डाग कसला?"

"कामाचा आहे."

"हं. शाळेत याचा उपयोग काय?"

"जी मुलं घाट बघायला येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे घाट नेता येतो."

ते पुढच्या बाईकडे गेले.

मी पास झाले. मामंजी निकालाला आले, बोलल्याप्रमाणे. ऐकून म्हणाले, "झाक झालं." मग पाठ करून बैलांच्या जुवाची दोरी बराच वेळ नीट करत राहिले. ती नीटच होती. माझी नेमणूक पेठ तालुक्याकडच्या डोंगरातल्या शाळेत झाली होती. ते ऐकून त्यांनी विचारलं, "ते पुस्तक लागंल का गं तुला तिकडं?"

लागलं असतं. त्याच मुलांसाठी तर केलं होतं. पण मी म्हटलं, "नाही, मामंजी."

"मग दे मला."

पेठेची मुलं त्यांच्या बोलीत बोलायची, मी माझ्या, आणि आम्ही एकमेकांना शिकवत राहिलो. मी त्यांना वह्या बांधायला शिकवलं, कागदाचा कल बघायला शिकवलं. दिवाळीला आणि मेमध्ये सायखेड्याला जायची. मामंजी कधी 'राहा' म्हणाले नाहीत. एसटी नव्हती तेव्हा, गाडीतून रस्त्यापर्यंत सोडायला यायचे आणि दर वेळी वाकळ अंथरलेली असायची. मी दर वेळी बसून यायची. निजले असते तर उठता आलं नसतं. त्या पुस्तकाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची लहर होती, ठेवलं असेल कुठं तरी.

ते गेले त्या वर्षी मी घर आवरायला एकटीच गेले होते. बियाण्याच्या मडक्यांच्या ओळीत, सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात पुस्तक सापडलं. धोतराच्या धडप्यात गुंडाळलेलं, आत कडुनिंबाचा पाला, बियाण्याला घालतात तसा. पाला हिरवट होता, म्हणजे जाण्याआधी नुकताच बदललेला. मी ओट्यावर बसले आणि रीतीनं उघडू लागले, आधी इकडून, मग तिकडून.

बाजार उठला. घडी करकरली, परीक्षेच्या दिवशी करकरली होती तशीच. घाट उठला. तोही करकरला. कळसाची पोटातली घडी तर इतकी ताठ होती की बोटानं सोडवावी लागली. मी मनात म्हटलं, कुणी हात लावलेला दिसत नाही.

मग विहिरीचं पान उघडलं. बैल उठले, मोट उठली, बाई उठली. तिच्या पायाशी एक नव्हे, एकावर एक पडलेले कितीतरी मातकट ठसे होते. आणि घडीचा आवाज अजिबात आला नाही.